घरच्या नेटची लेटन्सी आणि पॅकेट लॉस प्रोमीथियसवर कशी बघायची

स्पीड टेस्ट मारली की १०० च्या १०० एमबीपीएस येतात, पण मीटिंगमध्ये आवाज तुटतो, व्हीपीएन मधेच पडतं आणि रात्री नऊ वाजले की पोरगं आतल्या खोलीतून ओरडतं, "बाबा नेट!" केबलवाल्याला फोन लावला की तो म्हणणार "साहेब, राउटर बंद करून चालू करा", आपण करतो, थोडा वेळ बरं चालतं, आणि उद्या परत तेच. आता ह्यात त्याचीही सगळी चूक नाही, कारण आपण त्याला सांगतो काय, तर "नेट स्लो आहे". कुठे स्लो, किती वाजता, घरात की घराबाहेर, ह्यातलं आपल्यालाच माहीत नसतं तर तो बिचारा काय शोधणार.

तर हे जे पुढे लिहिलंय ते त्यासाठी आहे. एक जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय (हातात मावेल एवढा कॉम्प्युटर), त्यावर प्रोमीथियस (ठरावीक वेळाने आकडे गोळा करून साठवणारा), ग्राफाना (त्या आकड्यांचे आलेख काढणारा) आणि एक छोटासा पिंग करणारा प्रोग्राम, एवढ्यावर काम होतं. पिंग म्हणजे छोटंसं पॅकेट पाठवायचं आणि उत्तराची वाट बघायची, उत्तर यायला लागलेला वेळ म्हणजे लेटन्सी, आणि उत्तर आलंच नाही तर तो पॅकेट लॉस. सगळं फुकट, ओपन सोर्स. आणि माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, ह्या सगळ्यात टूल कुठलं वापरता ह्याला फार महत्त्व नाही, महत्त्व आहे ते तुम्ही पिंग कोणाकोणाला करता आणि किती वेळा करता ह्याला. लोक ग्राफानावर झगमगीत डॅशबोर्ड बनवतात आणि त्यात एकच टार्गेट असतं, गुगलचा ८.८.८.८. त्याचा आलेख वर गेला की कळतं नेट खराब आहे, ते तर पोरगं ओरडल्यावर कळलंच होतं की.

(कमांड आणि मेट्रिकची नावं वाचायला बरी म्हणून देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.)

पिंग किती मारायचे

इथे जरा थांबून गणित बघू, कारण बहुतेक सेटअप इथेच गंडतात.

प्रोमीथियसवाल्यांचा पहिला सल्ला असतो ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर लावा. चांगलं टूल आहे, मी पण वापरतो, पण ते दर स्क्रेपला, म्हणजे प्रोमीथियस आकडे न्यायला येतो तेव्हा, एकच पिंग मारतं. स्क्रेप १५ सेकंदांचा ठेवला तर ५ मिनिटांत झाले २० पिंग. आता समजा तुमच्या लाइनवर खरोखर १ टक्का लॉस आहे. तर त्या २० मधला एकही पिंग हरवणार नाही ह्याची शक्यता साधारण ८२ टक्के आहे, म्हणजे दहातल्या आठ वेळा आलेख सांगणार सगळं झकास. आणि ज्या वेळी एक हरवेल त्या वेळी एकदम ५ टक्के लॉस दिसणार. दोन्ही उत्तरं चुकीची. तेच दर सेकंदाला एक पिंग मारला तर ५ मिनिटांत ३०० होतात, आणि १ टक्का लॉस पूर्ण लपून राहण्याची शक्यता ५ टक्क्यांवर येते.

कोणी म्हणेल १ टक्क्याने काय होतंय. टीसीपीचा (वेबसाइट, डाउनलोड ज्यावर चालतात त्या पद्धतीचा) वेग आरटीटी (पॅकेटला जाऊन-यायला लागणारा वेळ) आणि लॉसवर कसा ठरतो ह्याचं एक जुनं, १९९७ चं सूत्र आहे, मॅथिस आणि मंडळींचं. वेग जास्तीत जास्त किती, तर आरटीटीला लॉसच्या वर्गमुळाने गुणायचं आणि त्या गुणाकाराने पॅकेटच्या आकाराला भागायचं, ह्याच्या आसपास. आता १४६० बाइटचं पॅकेट, सिंगापूरला लागणारे ६० मिलिसेकंद आणि १ टक्का लॉस घालून बघा, एका कनेक्शनला जेमतेम २ एमबीपीएस मिळतात! लाइन १०० ची असो की ३०० ची. हे सूत्र जुन्या पद्धतीच्या टीसीपीचं आहे, टीसीपीचे आत्ताचे प्रकार, क्युबिक आणि बीबीआर, ह्याहून बरे सांभाळतात, पण अंदाज येतो. आणि स्पीड टेस्ट छान का दिसते तेही कळतं, कारण ती बहुधा शहरातल्याच जवळच्या सर्व्हरशी बोलते आणि एकाच वेळी बरीच कनेक्शन उघडते, त्यामुळे लॉस असला तरी झाकला जातो.

म्हणून ब्लॅकबॉक्सऐवजी स्मोकपिंग प्रोबर लावायचा. जुनं स्मोकपिंग ज्यांनी बघितलंय त्यांना ती धुरासारखी करडी पट्टी आठवत असेल, त्याच कल्पनेवर हा बनलाय पण आकडे प्रोमीथियसला देतो. डिफॉल्टलाच दर सेकंदाला एक पिंग.

डेटा किती जाईल ते पण सांगतो. ५६ बाइटचा पेलोड, हेडर धरून ८४ बाइटचं पॅकेट, दिवसाला ८६,४०० पॅकेट, जाऊन-येऊन साधारण साडेचौदा एमबी. चार टार्गेट धरले तरी दिवसाला ६० एमबीच्या आत, महिन्याला पावणेदोन जीबी. फायबरवर ह्याचा पत्तापण लागत नाही. मोबाइलच्या डेटा पॅकवर चालवणार असाल तर मात्र इंटरव्हल वाढवा.

पिंग कोणाला मारायचे

चार पायऱ्या करायच्या, घरापासून लांब लांब जाणाऱ्या.

पहिली पायरी घरचा राउटर. बहुतेकांकडे १९२.१६८.१.१ किंवा तसलंच काहीतरी. लोक हाच सोडून देतात आणि मग महिनाभर केबलवाल्याशी भांडतात, शेवटी निघतं काय तर वायफाय. इमारतीत प्रत्येक फ्लॅटमध्ये राउटर, चाळीत किंवा जुन्या सोसायटीत तर भिंतीला भिंत लागून, २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल फक्त तीन, आणि त्यावर वीस-पंचवीस जणांचे सिग्नल. कसं चालणार.

दुसरी पायरी प्रोव्हायडरचा पहिला गेटवे, म्हणजे तुमची फायबर जिथे जाऊन भेटते ते. हा शोधायला ट्रेसरूट मारा (पॅकेट कुठल्या कुठल्या राउटरमधून जातं ते दाखवणारी कमांड), विंडोजवर ट्रेसर्ट. राउटरच्या नंतर जो पहिला पत्ता दिसेल तो. बऱ्याचदा १० ने किंवा १००.६४ च्या आसपास सुरू होणारा असतो, कारण लोकल प्रोव्हायडर सीजीनॅटच्या मागे बसवतात, एक पब्लिक आयपी शंभर घरांत. तो पत्ता पिंगला उत्तर देतो का बघा, देत नसेल तर पुढचा घ्या. ही पायरी सगळ्यात कामाची आहे, का ते पुढे कळेल.

तिसरी पायरी बाहेरचं काहीतरी जवळचं. १.१.१.१ आणि ८.८.८.८ दोन्ही घ्या, एकच नको. हे दोघं डीएनएस सर्व्हर आहेत, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारे, पिंगला उत्तर देत बसणं हे त्यांचं काम नाही, आणि गुगल तर पिंगला मर्यादा लावतं, त्यामुळे एकावरच लॉस दिसला आणि दुसऱ्यावर नाही तर झोपून जा, काही झालेलं नाही. शिवाय हे एनीकास्ट पत्ते आहेत, म्हणजे एकच पत्ता पण उत्तर जगात कुठूनही येऊ शकतं, रूटिंग जिथे नेईल तिथून. मुंबईत सहसा दोन-पाच मिलिसेकंदात उत्तर येतं. एखाद्या दिवशी तोच आलेख पायरी चढल्यासारखा ६० वर जाऊन सरळ बसला तर समजायचं की तुमच्या प्रोव्हायडरने वाट बदलली आणि उत्तर आता चेन्नई सोडा, सिंगापूरहून वगैरे येतंय. लॉस शून्य, स्पीड टेस्ट मस्त, आणि तरी प्रत्येक वेबसाइट उघडायला आळस करते. ही केस आलेखाशिवाय पकडताच येत नाही.

चौथी पायरी तुम्हाला खरंच ज्याची गरज आहे ते. ऑफिसचा व्हीपीएन गेटवे, गेमचा सर्व्हर, तुमचा क्लाउडवरचा सर्व्हर. ऑफिसचा असेल तर तिथल्या आयटीवाल्याला आधी विचारा, नाहीतर दर सेकंदाला कोण पिंग मारतंय म्हणून तोच तुम्हाला ब्लॉक करेल.

पत्ते आयपीनेच द्या, नावाने नको. नेट गेलं की डीएनएसही जातं, आणि मग प्रोबरला कोणाला पिंग मारायचा तेच कळत नाही, नेमक्या त्याच वेळी आलेख रिकामा.

मशीन आणि सेटअप

मशीन काहीही चालेल. घरी पडलेला लॅपटॉप असेल तर उत्तम, बॅटरी असल्यामुळे लाइट गेली तरी चालू राहतो. नसेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला सेकंड हँड मिनी पीसी बघा. रास्पबेरी पाय घेतलात तर डेटा एसडी कार्डवर ठेवू नका, सारखं लिहून लिहून कार्ड मरतं, यूएसबीची एसएसडी लावा. आणि एक गोष्ट अजिबात सोडू नका, हे मशीन राउटरला लॅन केबलने जोडायचं. वायफायवर ठेवलं तर चारही आलेखांत वायफायचाच गोंधळ मिसळणार आणि सगळी मेहनत पाण्यात. वायफाय वेगळं तपासायचं असेल तर दुसरं कुठलंतरी डिव्हाइस वायफायवरून राउटरला पिंग मारत ठेवा.

डॉकर येत असेल तर तीन कंटेनर, प्रोबर, प्रोमीथियस, ग्राफाना. तिघांचंही नेटवर्क होस्ट मोडला ठेवा, मधे अजून एक नॅट (पत्ते बदलणारा थर) कशाला. डॉकर नको असेल तर तिघांच्याही बायनरी मिळतात, फक्त प्रोबरला कॅप नेट रॉ ही परवानगी द्यावी लागते, सेटकॅप कमांडने, नाहीतर कच्चं आयसीएमपी (म्हणजे पिंगचं) पॅकेट पाठवूच शकत नाही आणि चालू होताना परमिशनची बोंब मारतो. रूटने चालवून मोकळं होता येतं, पण नका करू.

प्रोबर चालू करताना चार-पाच पत्ते शेवटी एकापुढे एक दिले की झालं. तो ९३७४ पोर्टवर बसतो, ब्राउझरमध्ये ते पान उघडून आकडे येतायत का ते आधी बघा. मग प्रोमीथियसच्या यामल फाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, नवा जॉब टाका, टार्गेट लोकलहोस्ट ९३७४, स्क्रेप इंटरव्हल १५ सेकंद. यामलमध्ये टॅब वापरायचा नाही, स्पेसच, अर्धे प्रॉब्लेम त्यातूनच येतात. प्रोमीथियस ९०९० वर, ग्राफाना ३००० वर, ग्राफानाचं पहिलं लॉगिन ॲडमिन ॲडमिन, ते लगेच बदला. ग्राफानात डेटा सोर्स म्हणून प्रोमीथियसचा पत्ता दिला की पाइपलाइन तयार.

दोन डिफॉल्ट मात्र बदलायचेच.

एक म्हणजे प्रोमीथियस डेटा १५ दिवसच ठेवतो. आपल्याला तर "गणपतीच्या आधी असं नव्हतं" हे दाखवायचंय, त्यामुळे रिटेन्शन ९० दिवस किंवा सरळ वर्षभर करा, एवढ्याशा डेटाला जागा नगण्य लागते.

दुसरं म्हणजे प्रोबरच्या बकेट. हा भाग जरा आतला आहे पण सोडू नका. प्रोबर प्रत्येक पिंगचा वेळ वेगळा साठवत नाही, तो हिस्टोग्राम ठेवतो, अमुक वेळेच्या आत किती आले एवढंच. डिफॉल्ट बकेट दुपटीने वाढतात, म्हणजे २५.६ मिलिसेकंद, मग ५१.२, मग थेट १०२.४. आता सिंगापूरचा पिंग ५५ वरून ९५ वर गेला तरी दोन्ही एकाच बकेटमध्ये पडणार, आणि त्यातून काढलेला पर्सेंटाइल (शंभरातले अमुक पिंग किती वेळेच्या आत आले तो आकडा) हा नुसता अंदाज. आपल्याला जिथे फरक बघायचाय तिथेच काचेला तडा. म्हणून बकेटच्या फ्लॅगमध्ये आपली यादी द्या, मी साधारण १, २, ३, ५, ८, १२, २०, ३० मग ४० पासून १०० पर्यंत दहा-दहाने, पुढे १२०, १५०, २००, २५०, ३००, ४००, ६००, १००० आणि २००० मिलिसेकंद अशी ठेवतो. फ्लॅगला आकडे सेकंदात लागतात, म्हणजे १ मिलिसेकंद म्हणजे ०.००१, स्वल्पविरामाने तोडून.

आलेख कुठले काढायचे

तीनच.

लॉसचा. प्रोबर दोन काउंटर देतो, स्मोकपिंग रिक्वेस्ट्स टोटल म्हणजे किती पाठवले, आणि स्मोकपिंग रिस्पॉन्स ड्युरेशन सेकंद्स काउंट म्हणजे किती परत आले. पाठवलेल्यांचा ५ मिनिटांचा रेट घ्या, त्यातून परत आलेल्यांचा रेट वजा करा, आणि पाठवलेल्यांच्या रेटने भागा. झाला लॉस. बाहेरून क्लॅम्प मिन शून्य लावा, कारण स्क्रेपच्या क्षणी एखादा पिंग वाटेत असतो आणि कधीतरी उत्तर उणे येतं. आणि लक्षात ठेवा, ३०० मधला एक पिंग म्हणजे ०.३३ टक्के, त्यामुळे ०.३ चे बारीक टोचे दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही.

लेटन्सीचा. हिस्टोग्राम क्वांटाइल ०.५ आणि ०.९५, म्हणजे शंभरातले ५० आणि ९५ पिंग किती वेळेच्या आत आले, प्रत्येक टार्गेटचे दोन-दोन. ॲव्हरेज काढूच नका. ९५ पिंग १० मिलिसेकंदाचे आणि ५ पिंग ५०० चे असले तर ॲव्हरेज येतं ३४.५, जे एकाही पिंगचं खरं नाही, आणि मीटिंगमध्ये आवाज तुटतो तो त्या पाचांमुळे. ०.५ आणि ०.९५ च्या रेषांमधलं अंतर म्हणजे ढोबळमानाने तुमचा जिटर, पिंगच्या वेळेतला चढउतार. दोन्ही रेषा चिकटून असतील तर लाइन चांगली, मग आकडा मोठा का असेना. आवाजासाठी आयटीयूची (दूरसंचाराची जागतिक संस्था) जी.११४ नावाची शिफारस आहे, एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदाच्या आत असला की बोलणाऱ्यांना बहुतेक त्रास होत नाही म्हणते.

आणि तिसरा, राउटरवरून किती ट्रॅफिक जातोय त्याचा. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) असेल तर त्याला नोड एक्सपोर्टरचं लुआवालं हलकं पॅकेज मिळतं, नसेल तर एसएनएमपी (राउटरकडून आकडे मागायची पद्धत). हा आलेख नसला तर खालच्यातली एक केस तुम्हाला कधीच कळणार नाही.

आलेख वाचायचा कसा

पहिल्या पायरीवरच गडबड, म्हणजे राउटरचाच पिंग उड्या मारतोय. मशीन केबलवर असूनही असं होत असेल तर राउटरचा सीपीयू दमलाय, केबल खराब आहे, किंवा राउटर म्हातारा झालाय. प्रोव्हायडरला फोन करू नका.

राउटर सरळ रेषेत, पण गेटवेपासून पुढे सगळीकडे लॉस. ही खरी लास्ट माइलची, म्हणजे प्रोव्हायडरपासून घरापर्यंतच्या तुकड्याची केस. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या काकांकडे हेच, पाऊस पडला की दुसऱ्या पायरीवर लॉस वर चढायचा आणि ऊन पडलं की उतरायचा, बाकी राउटर एकदम शांत. लाइनमन आधीही येऊन गेला होता, पण तो यायचा तेव्हा ऊन, सगळं चालू, "अभी तो चल रहा है काका" म्हणून निघून जायचा. ह्या वेळी त्याला आलेख दाखवला आणि ओएनटीच्या (घरात फायबर ज्याला जोडलेली असते तो डबा) पानावरची आरएक्स पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, दाखवली, उणे २८ डीबीएम. जीपॉनच्या (घरोघरी फायबर पोचवायची पद्धत) बी प्लस वर्गात घरच्या बाजूला उणे ८ ते उणे २७ च्या मधे असायला लागते, म्हणजे हे काठाबाहेरच. तो काही बोलला नाही, सरळ गच्चीवर गेला. पाण्याच्या टाकीच्या मागे भिंतीला लावलेला डबा, झाकण अर्धवट, आत पाणी आणि मुंग्या. जुना जोड कापून नवीन स्प्लाइस केला, डबा उचलून आडोशाला लावला, आणि खाली येऊन बघितलं तर उणे २१. तेव्हापासून पावसातही दुसऱ्या पायरीचा आलेख जमिनीला चिकटलेला आहे. ओएनटीवर लाल लाइट लागली तरच फायबर खराब असं लोकांना वाटतं, पण लाल लाइट म्हणजे सिग्नल पूर्ण गेलेला, त्याच्या आधीची ही अर्धमेली अवस्था लाइट दाखवत नाही.

गेटवेपर्यंत ठीक, पण तिसरी-चौथी पायरी रोज रात्री आठ ते अकरा खराब आणि सकाळी सहाला चकाचक. ह्याला प्रोव्हायडरची वरची लाइन भरलीय असं समजायचं, आयपीएलच्या दिवसांत तर डोळे मिटून. ह्यात लाइनमन काही करू शकत नाही, त्याच्यावर चिडू नका. प्रोव्हायडरने बँडविड्थ वाढवायची किंवा तुम्ही प्रोव्हायडर बदलायचा. बदलण्याआधी शेजाऱ्याकडे दुसरी कंपनी असेल तर त्याच्याकडे हेच मशीन आठवडाभर लावून बघा, जाहिरातीपेक्षा खरं कळतं.

फक्त एकच लांबचं टार्गेट चढलंय. इथे आधी भूगोल. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १००० किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागणारच, कोणाच्याही बापाला चुकत नाही. मुंबई-लंडन सरळ रेषेत साधारण ७२०० किलोमीटर, म्हणजे ७२ मिलिसेकंद ही जमीन, आणि केबल लाल समुद्र-इजिप्त असा वळसा घेऊन जाते म्हणून प्रत्यक्षात शंभरच्या वरच. वर्सोव्याच्या किनाऱ्याला ज्या केबल जमिनीवर येतात त्यातल्या युरोपकडे जाणाऱ्या बऱ्याचशा ह्याच वाटेने. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ सीमीवी ४ आणि आयएमईडब्ल्यूई ह्या समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा ट्रॅफिक दुसऱ्या वाटांनी वळवला गेला आणि लेटन्सी वाढली. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हाही भारताला मोठा फटका बसला होता. अशा वेळी आलेखाचा आकार ओळखीचा असतो, एका क्षणी सरळ वर जाऊन तिथेच सपाट, आणि केबल जोडेपर्यंत तिथेच. घरात काही शोधत बसू नका.

आता ती केस जी ट्रॅफिकच्या आलेखाशिवाय कळत नाही. राउटर ठीक, गेटवेपासून पुढे सगळ्यांची ०.९५ ची रेषा एकदम २०० च्या वर, लॉस फारसा नाही, पाऊण तास चालतं आणि आपोआप थांबतं. रोज नाही, पण लग्नाबिग्नाला जाऊन आलो की हमखास. ट्रॅफिकचा आलेख खाली ठेवला की उत्तर समोर, अपलोड छताला टेकलेला. घरातला कोणीतरी फोन चार्जिंगला लावतो आणि फोन दिवसभरचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतो. अपलोडची लाइन छोटी, राउटर पॅकेट टाकून न देता रांगेत भरत जातो, आणि तुमचा पिंग, तुमचा आवाज, सगळे त्या रांगेत मागे. ह्याला बफरब्लोट म्हणतात. उपाय राउटरमध्येच आहे, एसक्यूएम नावाची सोय, त्यात केक किंवा एफक्यू कोडल (दोन्ही रांग छोटी ठेवायच्या पद्धती) निवडायचं आणि अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवायची. थोडा स्पीड जातो, पण फोटो चढत असतानाही मीटिंग सुरळीत चालते. प्रोव्हायडरने दिलेल्या राउटरमध्ये ही सोय क्वचितच असते, आपला वेगळा घ्यावा लागतो.

एमटीआर बघून फसू नका

आलेखात गडबड दिसली की लोक एमटीआर (वाटेतल्या प्रत्येक राउटरचा लॉस आणि वेळ दाखवणारा प्रोग्राम) चालवतात, बरोबरच आहे, पण मधल्या एखाद्या हॉपवर, म्हणजे वाटेतल्या राउटरवर, ४० टक्के लॉस दिसला की तोच स्क्रीनशॉट घेऊन भांडायला जातात. ते चूक. राउटरचं मुख्य काम पॅकेट पुढे ढकलणं, तुमच्या पिंगला स्वतः उत्तर देणं हे त्याचं फावल्या वेळातलं काम आणि त्यालाही मर्यादा लावलेली असते. सिग्नलवरच्या हवालदाराला पत्ता विचारला आणि त्याने लक्ष दिलं नाही, म्हणून गाड्या थांबल्यात असं होत नाही ना. मधल्या हॉपचा लॉस शेवटच्या हॉपपर्यंत टिकला तरच तो खरा. मधे ४० आणि शेवटी शून्य असेल तर विसरून जा. हाच नियम आपल्या दुसऱ्या पायरीला पण, गेटवेवर लॉस आणि पुढे सगळीकडे शून्य असेल तर गेटवे फक्त उत्तर द्यायला कंटाळतोय.

आणि पिंग सगळा ठीक असून साइट उघडायला वेळ लागत असेल तर मग ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर काढा, त्याचा एचटीटीपी प्रोब वेळेचे तुकडे करून देतो, रिझॉल्व्ह (नावाचा पत्ता शोधणं), कनेक्ट, टीएलएस (सुरक्षित जोडणी), प्रोसेसिंग, ट्रान्सफर. रिझॉल्व्ह मोठा असेल तर डीएनएस बदला. प्रोसेसिंग मोठा असेल तर त्यांचा सर्व्हरच स्लो आहे, तुमचं नेट निर्दोष.

अलर्ट

थोडक्यात. लॉस २ टक्क्यांच्या वर सलग १० मिनिटं राहिला तरच अलर्ट, नाहीतर फोन दिवसभर कुरकुरत राहील आणि तुम्ही म्यूट करून टाकाल. लेटन्सीला ठरावीक आकडा लावू नका, प्रत्येक टार्गेटचा नेहमीचा आकडा वेगळा, त्यामुळे आत्ताचा ०.५ हा गेल्या आठवड्यातल्या ह्याच वेळेच्या दीडपट झाला तर कळव असं लिहा, प्रोमीथियसमध्ये ऑफसेट १ डब्ल्यू लिहून होतं. फक्त घराजवळच्या टार्गेटना हे लावू नका, २ चे ३ झाले तरी दीडपट होतात.

एक गंमत मात्र ध्यानात ठेवा, घरचं नेट गेलं तर "नेट गेलं" हा टेलिग्राम मेसेज जाणार कुठून? म्हणून उलटं करायचं, घरचं मशीन दर मिनिटाला बाहेरच्या एखाद्या हार्टबीट सेवेला "मी आहे" सांगतं, आणि सांगायचं थांबलं की ती सेवा तुमच्या फोनवर कळवते. बाहेरून घराला पिंग मारायचा विचार असेल तर सीजीनॅटच्या मागे ते चालत नाही.

प्रोव्हायडरकडे तक्रार करताना ग्राफानाचे दोनच आलेख पाठवा, पहिल्या आणि दुसऱ्या पायरीचा लॉस एकाखाली एक, आठवडाभराचा, आणि शेजारी ओएनटीच्या आरएक्स पॉवरचा स्क्रीनशॉट. त्यावर डॉकेट (तक्रारीचा) नंबर मागून घ्या, फोनवर "हो हो बघतो" चालणार नाही. आणि अलर्टचे मेसेज तसेच्या तसे चिकटवू नका, प्रोमीथियस आतून यूटीसी वेळ (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) धरतो, म्हणजे त्यातले १५:४० हे आपले रात्रीचे ९:१०. ग्राफाना ब्राउझरची वेळ दाखवतो, त्यातलीच वेळ लिहा, नाहीतर ते लोक दुपारी पावणेचारचे लॉग तपासून सांगतील की साहेब, तेव्हा तर काहीच नव्हतं.